मास्तरांनी बटणांच्या डब्याला तार लावली

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली मास्तर म्हणते. शाळेतले मास्तर नव्हेत, कापडाचे. कपडे शिवायच्या कारखान्यात जो कापड कापतो तो मास्तर, आणि जे शिवतात ते नुसते शिंपी. हा फरक ह्यांनी मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात समजावला होता. त्यानंतरच्या एकावन्न वर्षांत, मी विसरले असेन या काळजीने, तो बऱ्याच वेळा पुन्हा समजावला. शिंप्याची शिवण चुकली तर उसवता येते, मास्तरची कात्री चुकली तर कापड पुन्हा जुळत नाही. म्हणून मास्तर चुकत नाही. असं त्यांचं म्हणणं.

माणूस त्यांना चेहऱ्याने आठवत नाही, मापाने आठवतो. "सकाळी कोण गं आला होता? छाती चाळीस, पोट चव्वेचाळीस?" असं विचारतात. आणि मला तो कोण ते लगेच कळतं, म्हणजे मीही आता हाताबाहेर गेले. लग्न ठरायच्या आधी आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. वाटलं, आता काहीतरी गोड बोलतील. हे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे." मी झटकन मान वर केली. तर म्हणतात, "घाबरू नका, आतून पॅड लावलं की कळत नाही." घरी जाऊन मी आईला सांगितलं, माणूस विचित्र आहे पण खोटं बोलणारा दिसत नाही. आईला तेवढं पुरलं.

त्यांची कात्री हातभर लांब आहे, काळ्या मुठीची. तिला घरात कोणी हात लावायचा नाही. मी एकदा तिने वर्तमानपत्र कापलं होतं तर दोन दिवस माझ्याशी अबोला. कागदाने धार जाते म्हणे. तिसऱ्या दिवशी बोलले ते कात्रीशीच.

तर असा हा न चुकणारा माणूस बहात्तराव्या वर्षी चुकला. आणि चुकला तोही असा की कारखान्यात अजून सांगतात.

एका मोठ्या हॉटेलच्या वेटरांचे बेचाळीस कोट शिवायचे होते. बारा फुटांच्या टेबलावर ह्यांनी कापड अंथरलं, सहा सहा थरांचे सात गठ्ठे केले. बाही कापायला पुठ्ठ्याचा एक नमुना असतो. तो एकदा सुलटा ठेवायचा, की डावी बाही निघते, मग पालथा घालायचा, की उजवी निघते. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. ह्यांनी सातही गठ्ठ्यांवर पुठ्ठा दोन्ही वेळा सुलटाच ठेवला. बेचाळीस कोट, चौऱ्याऐंशी बाह्या, सगळ्या डाव्या.

मालक तसा भला माणूस. ओरडला नाही. बाह्यांच्या ढिगाकडे बघून एवढंच म्हणाला, "मास्तर, त्या हॉटेलात सगळे दोन डाव्या हातांचेच ठेवलेत का हो?" शिलाईवाल्या बायका फिस्सकन हसल्या. मग मालक ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "महिनाभर आराम करा. पुढचं पुढे बघू."

ओरडला असता तर बरं झालं असतं. "आराम" हा शब्द ह्यांना तोंडात मारल्यासारखा लागला.

घरी आल्यावर ह्यांनी आधी दिव्याला दोष दिला. कारखान्यातला दिवा म्हणे पिवळा आहे. मग चष्म्याला. मग कापडाला, त्याची सुलट-उलट सारखीच दिसते म्हणून. पुठ्ठ्याला देऊन झाला. शेवटी मी समोर होते.

"तू त्या दिवशी सकाळी काय बोललीस?"

"साबण आणा म्हटलं."

"तेच डोक्यात राहिलं असणार."

मी म्हटलं, "साबण आणलात का?"

"नाही."

"मग डोक्यात कुठे राहिलं?"

त्यावर ते उठून गॅलरीत गेले.

महिनाभर घरी बसलेला मास्तर म्हणजे काय असतं ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. मुलगा आणि सून दोघं दिवसभर कामावर. नात कॉलेजात. घरात मी आणि हे आणि ह्यांच्या गळ्यातली टेप. ह्यांनी स्वयंपाकघरातली फळी मापली, ती एका टोकाला पाव इंच खाली निघाली. एकवीस वर्षं माझे डबे त्या फळीवर गुण्यागोविंदाने नांदत होते, त्या दिवसापासून मला ते घसरताना दिसायला लागले. दोरीवर वाळत घातलेले टॉवेल मापले. पडदे मापले. मी जेवायला बसले तर माझ्या पाटापासून भिंतीपर्यंत मापलं. माझ्या नाकी नऊ आले. आणि मधूनच, मापता मापता, हे टेप तशीच धरून उभे राहायचे, आकड्याकडे बघत. एकदा हळूच म्हणाले, "बघ गं, हे सोळाच आहेत ना?" सोळाच होते. मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा मापलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, ह्या माणसाला फळीचं काही पडलेलं नाही. आपला हात गेला की काय, ह्याची त्यांना धास्ती बसली होती.

एक दिवस नात मोबाईल घेऊन आली. "आजोबा, हे बघा." कुठल्याशा देशातला एक दाढीवाला माणूस पत्र्याच्या डब्याला दांडा लावून, त्यावर तारा ताणून मस्त वाजवत होता. हे चष्मा कपाळावर चढवून, मग नाकावर घेऊन, मग काढून बघत राहिले.

"ह्यात आहे काय?" हे म्हणाले. "एक डबा. एक पट्टी. दोन तारा. चार तुकडे. बनियन कापायलाही ह्याहून जास्त डोकं लागतं."

नात म्हणाली, "मग करा ना तुम्ही."

"करतो की!"

मी म्हटलं, "अहो, तुम्हाला साधी शिट्टी वाजवता येत नाही."

"वाजवायचं कोण म्हणतंय? बनवायचंय. कोट मी शिवतो, घालतो का?" आणि मग आवाज एकदम खाली आणून, नातीला नव्हे, मला म्हणाले, "सोमवारी महिना भरतो. हे नीट झालं, सूर बरोबर निघाले, तर मी सोमवारी कामावर. नाही निघाले तर कात्री मालकाच्या टेबलावर ठेवून येतो. विषय संपला."

मी म्हटलं, "डब्याचा आणि नोकरीचा काय संबंध?"

"मापाचा आहे," म्हणाले.

त्या दिवशी बुधवार होता.

डबा कुठला घेतला असेल? बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, ज्यात आमची पन्नास वर्षांची बटणं होती. बटणं माझ्या दुधाच्या पातेल्यात ओतली, आणि हे सांगायला विसरले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी अर्धवट झोपेत त्यात दूध घातलं आणि तापवलं. उतू आलं नाही ते एक बरं झालं, बटणांनी धरून ठेवलं असावं. चहात एक बटण निघालं. मुलाने ते काढून बशीत ठेवलं आणि काही न बोलता कामाला गेला. समजूतदार आहे.

दांड्यासाठी ह्यांनी कारखान्यातून कधीतरी आणलेल्या दोन लाकडी फळ्या काढल्या, कापडाचा तागा ज्यांना गुंडाळून येतो त्या. एकीला दुसरी चिकटवली, वर माझ्या शिवणयंत्राचं झाकण ठेवलं, त्यावर माझी तांदळाची कोठी ठेवली. रात्रीच्या भाताला तांदूळ काढायचे तर हे म्हणाले, "हलवू नको, डिंक सुकतोय." मी उभ्या उभ्या वरून मापटं बुडवून तांदूळ काढले.

डब्याच्या दोन बाजूंना फटी पाडायच्या होत्या, दांडा आरपार जाण्यासाठी. पत्रा कापायला माझी भाजीची सुरी घेतली. मी म्हटलं, "तुमची कात्री घ्या की."

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की मीच वरमले.

दोन खुंट्या लाकडी हँगर मोडून कोरल्या. तारेखाली डब्यावर एक उंचवटा लागतो, त्याला म्हणे घोडी म्हणतात. तिच्यासाठी ओव्हरकोटाचं एक मोठं बटण अर्धं कापून उभं केलं. झोकात दिसलं, खोटं कशाला बोलू.

तारेचं मात्र घोडं अडलं. आधी ह्यांनी इलॅस्टिक लावलं. शिंपीकाम करणाऱ्याला ताणायचं म्हटलं की इलॅस्टिकच सुचणार. ते वाजवल्यावर कोपऱ्यात बेडूक बसलाय असं वाटलं. नातीने अंथरुणावर लोळून हसून घेतलं. मग कोटाच्या बटणांचा जाड दोरा लावला, तो आवाजच करेना, नुसता थरथरून गप्प. शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून ब्रेकची जुनी केबल आणली. तिच्यात पोलादाच्या बारीक बारीक तारा दोरखंडासारख्या पिळलेल्या असतात. त्या सुट्या करायच्या म्हणून मी गच्चीच्या एका टोकाला केबल पक्कडीत धरून उभी आणि हे दुसऱ्या टोकाला उलगडतायत.

"घट्ट धर!"

"धरलंय हो."

"घट्ट म्हणजे घट्ट. कापड नाहीये ते."

"एकावन्न वर्षं तुम्हाला धरलंय, ही केबल काय जाते!"

ते हसले आणि हात सैल सुटला. तार सटकन उसळली आणि माझ्या अंबाड्यात जाऊन बसली. ती सोडवताना अंबाडा सुटला, आणि माझे केसांचे आकडे गच्चीवर विखुरले. ह्यांनी ते गोळा केले. गोळा करता करता थबकले. एक आकडा दोन बोटांत धरून उजेडात बघितला.

"हे किती आहेत तुझ्याकडे?"

मी ओळखायला हवं होतं. त्यानंतर चार दिवस मी केस रबरबँडने बांधून हिंडले.

कारण दांड्यावर आडव्या पट्ट्या लागतात, बोट दाबलं की तार त्यांना टेकते आणि सूर बदलतो. त्यांना पडदे म्हणतात. नातीने मोबाईलवर मोजून सांगितलं, बारा असतात. तारेची लांबी ह्यांनी चोवीस इंच ठेवली होती. बरोबर मध्यावर, म्हणजे बाराव्या इंचावर शेवटचा पडदा येतो, हेही तिनेच सांगितलं. मग काय. बारा इंचांत बारा पडदे. ह्यांनी दांड्यावर खडूने बारा रेघा ओढल्या, इंचाइंचावर, आणि माझे बारा आकडे सरळ करून त्या रेघांवर चिकटवले. शर्टाच्या काजपट्टीवर काजं पाडतात ना, अगदी तशी. एकही काज इकडे नाही की तिकडे नाही. बटणं लावून गळ्यात घालावं असं ते दिसत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तारा चढवल्या. एक जाड, एक बारीक. ह्यांनी मोकळी तार छेडली आणि डबा असा खणखणीत बोलला की आम्ही तिघं एकमेकांकडे बघतच राहिलो. पत्र्याचा आवाज, पण गोड. ह्यांचे डोळे लकाकले. "आता बघ," म्हणाले, आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत वर गेले.

काहीतरी वाकडं होतं. काय ते मला सांगता येत नव्हतं. जिना चढताना पायरी आहे असं वाटावं आणि पाय जरा खालीच पडावा, तसं.

वरच्या मजल्यावर एक बँडवाला राहतो, ट्रम्पेट वाजवतो. लग्नाच्या मोसमात दिवसभर बाहेर, एरवी दिवसभर खिडकीत बसून आमचे कान किटवतो. त्याला ह्यांनी शनिवारी सकाळी बोलावलं. तो दात घासता घासताच आला.

"मोकळी तार झकास," तो म्हणाला. "शेवटचा, बारावा पडदाही एकदम बरोबर, मास्तर. पण त्यांच्या मधले..." त्याने तोंडातला ब्रश काढला. "मधले अकराच्या अकरा उतरलेत. कुठला कमी, कुठला जास्त."

"उतरलेत म्हणजे?"

"म्हणजे जिथे हवेत त्याच्या खाली आहेत. बेसूर."

"शक्य नाही. मापून लावलेत."

"मापून असतील. पण बेसूर आहेत."

तो गेल्यावर ह्यांनी टेप काढली. पहिला आकडा, एक इंच. दुसरा, एक इंच. बारापर्यंत गेले आणि परत आले. मग पोलादी पट्टीने मापलं. मग नातीला मापायला सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, केसाचाही फरक नाही."

मला वाटलं, आता बँडवाल्याला नावं ठेवतील. निदान दिव्याला तरी. पण ह्या खेपेला कोणालाच दोष दिला नाही. डबा भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे मी जे बरोबर म्हणून मापतो, ते बरोबर नसतं."

बस, एवढंच. रात्री जेवले नीट. जेवून झाल्यावर कात्रीला तेल लावलं, फडक्यात गुंडाळली, आणि सोमवारी घालायच्या शर्टाशेजारी ठेवून दिली.

मला रडू आलं नाही. राग आला. एवढी वर्षं हा माणूस मला माझा खांदा उतरता आहे म्हणून ऐकवतोय, आणि हा एका डब्यापुढे हात टेकतो?

रविवारी दुपारी हे आत आडवे झाले होते. नात अभ्यासाला मैत्रिणीकडे. मी भांडी घासून आले, हात पुसले, आणि डबा मांडीवर घेतला. मला गाणं शिकवलेलं नाही, शाळाही चौथीपर्यंतच. पण कपडे धुताना माझी आई एक चाल गुणगुणायची, शब्द नसलेली, पाण्यात आपटायच्या ठेक्यावर. ती मलाही येते, आणि गुणगुणताना माझा एकही सूर वर-खाली होत नाही. एवढा माझा कान बरा आहे. ती चाल मी बोटाने शोधायला लागले.

आकड्यावर बोट ठेवलं की सूर उतरायचा. मग मी आकड्याच्या नादी लागलेच नाही. बोट डब्याच्या बाजूला जरा सरकवलं आणि तार थेट लाकडावर जोरात दाबली. मिळाला सूर! पुढचा तसाच. बोट दुखलं, पण चाल निघाली, लंगडत लंगडत, पण ओळखू येण्याइतकी.

"चुकीच्या जागी दाबतेयस."

हे दारात उभे होते. केस विस्कटलेले.

मी म्हटलं, "जागा चुकीची असेल. सूर बरोबर लागतोय ना?"

"आकड्यावर दाब."

"आकड्यावर नाहीये तो."

"आकडा बरोबर इंचावर आहे!"

"असेल हो! पण त्या सुराला तुमचा इंच ठाऊक नाही!"

हे आत आले. मग माझ्यासमोर येऊन बसले. "पुन्हा दाब," म्हणाले. मी दाबलं. त्यांनी खिशातून शिंप्याचा खडू काढला आणि माझ्या बोटाच्या टोकाशी बारीकशी रेघ ओढली. "पुढचा." मी दाबला. रेघ. "पुढचा." माझ्या चालीत पाचच सूर होते, पाच रेघा झाल्या. आकड्यांपासून सगळ्याच पुढे, डब्याकडे सरकलेल्या. ह्यांनी त्या रेघांकडे असं पाहिलं, जसं माणसाच्या अंगावर न बसणाऱ्या कोटाकडे बघतात. तेव्हा ते कोटाला दोष देत नाहीत, घालणाऱ्याची पाठ बघतात.

"अजून सात लागतील," म्हणाले, आणि उठून खिडकीतून वर ओरडले, "अरे ए! ट्रम्पेट घे!"

बँडवाल्याचं डोकं बाहेर आलं. "मास्तर, जेवतोय."

"जेवण पळून जात नाही. सूर एकेक करून वर चढत जा. मी सांगेपर्यंत एकेक धरून ठेवायचा."

"किती वेळ?"

"काकूला सापडेपर्यंत!"

त्याने पहिला सूर धरला. ह्यांनी आधी बारीक तार खुंटीने पिळून त्याच्याशी जुळवून घेतली, मीच सांगत होते, अजून, अजून, बास. मग तो एक पायरी चढला आणि धरून बसला. माझं बोट सरकतंय, हे खडू घेऊन टपलेले, आणि वरून तो एकच सूर भोंग्यासारखा. सापडला की ह्यांनी "पुढे!" म्हणायचं. पाचव्या सुराला समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. सातव्याला खालून कोणीतरी विचारलं, "आग लागलीय का?" नवव्याला बँडवाला श्वास घ्यायला थांबला तर हे ओरडले, "सोडू नको!" तो म्हणाला, "मास्तर, मरतो ना मी!" बाराव्या सुरापर्यंत त्याचं तोंड टोमॅटोसारखं झालं होतं आणि माझ्या बोटाला तारेची खाच पडली होती.

ह्यांनी माझे आकडे सुरीने उचकटून काढले. दांड्यावर राहिल्या बारा पांढऱ्या रेघा. मग टेप घेतली आणि रेघांमधलं एकेक अंतर मापायला लागले.

आम्ही इंचाचे आठ सूत धरतो. पहिलं अंतर निघालं एक इंच तीन सूत. दुसरं त्याहून जरा कमी. तिसरं आणखी कमी. सहावं तेवढं बरोबर एक इंच. शेवटचं पाऊण इंचालाही कमी. प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा बारीक, आणि कुठेही उडी नाही, सरळ निमुळतं होत गेलेलं.

हे टेप धरून बसून राहिले. पण आता त्यांची नजर टेपेवरच्या आकड्यावर नव्हती, दांड्यावर होती.

"अगं," म्हणाले, "ही कळी आहे."

घेरदार झगा शिवताना कापडाच्या लांबट पाकळ्या कापतात, खाली रुंद आणि कमरेशी निमुळत्या, त्यांना कळ्या म्हणतात. ह्यांच्या हाताची कळी अशी असते की झगा जमिनीवर ठेवला तरी फुलून बसतो.

"कळी कापायची होती," हे म्हणाले, "आणि मी काजं पाडत बसलो! माप चुकलं नव्हतं गं. माप बरोबर होतं. कापड कुठलं ते बघितलं नाही." आणि मग हसायला लागले, असे की डोळ्यांत पाणी. "आणि बाह्यांचंही तेच. दिवा पिवळा नाही की काही नाही. पुठ्ठा मी पालथा घातला नाही. सातही वेळा! चौऱ्याऐंशी! दोन डाव्या हातांचे वेटर!"

महिनाभरात पहिल्यांदा त्यांनी ते वाक्य पूर्ण म्हटलं. मी हसू आवरत होते ते सुटलं, आणि वरून बँडवाला विचारतोय, "झालं का? जेवू का?"

आता आकडे पुन्हा चिकटवायचे नाहीत असं त्यांनीच ठरवलं. चिकटवलं की चुकीचं असलं तरी तिथेच बसतं. त्यांनी कोटाच्या बटणांचा तोच जाड दोरा घेतला, मेणावरून ओढला, आणि एकेका रेघेवर दांड्याभोवती चार वेढे घालून मागे अशी गाठ मारली की ती घट्टही राहते आणि अंगठ्याने रेटली तर सरकतेही. बटणाखाली दोऱ्याची मान करतात ना, त्यातलीच ती गाठ. बारा दोऱ्यांना संध्याकाळ गेली. चहा मी त्यांना भरवला म्हटलं तरी चालेल, कारण हातातलं काम सोडायला तयार नव्हते. माझे आकडे परत मिळाले, पण सरळ झालेले. सरळ आकडा केसात कसा थांबणार? त्यावर ह्यांचं उत्तर, "रबरबँड शोभतो तुला."

सोमवारी सकाळी शर्ट घातला, कात्री उचलली. दारात मी विचारलं, "टेबलावर ठेवायला की टेबलावर चालवायला?"

"बघतो," म्हणाले. म्हणजे त्यांनाही पुरतं ठाऊक नव्हतं.

कारखान्यात काय झालं ते मला शिलाईवाल्या बायकांकडून कळलं. मालकाने विचारलं, "काय मास्तर, झाला का आराम?" ह्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "बाह्या माझ्यामुळे गेल्या. पुठ्ठा फिरवला नाही. आता प्रत्येक कापाआधी तुमच्यापैकी कोणीतरी येऊन बघायचं आणि हो म्हणायचं. हो म्हटल्याशिवाय मी कात्री लावणार नाही." मालक म्हणाला, "एवढं कशाला, मास्तर?" हे म्हणाले, "एकट्याने मापलं की सगळंच इंचात बसल्यासारखं दिसतं." मालकाला काही कळलं नाही. त्याने सहा शर्टांचं कापड पुढे सरकवलं. एका बाईने येऊन बघितलं आणि हो म्हटलं. ह्यांनी कापलं.

आता पहिल्यापेक्षा हळू कापतात. दिवसाला पूर्वीच्या निम्मं होतं. रोज थकून येतात, पाय पसरून बसतात, आणि त्या बाया कशा नाकावर चष्मा ठेवून त्यांना तपासतात त्याच्या तक्रारी करतात. तक्रार करताना मजेत असतात.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितलेली नाही. घरी कोणी नसताना मी डबा घेऊन बसते. चौथा दोरा अजून किंचित उतरता होता. सुरुवातीलाच मी म्हटलं होतं, तर "बँडवाल्याने जेवताना फुंकला, त्याची चूक असेल, रेघ बरोबर आहे" असं म्हणाले. मी वाद घातला नाही. परवा दुपारी अंगठ्याने तो दोरा अर्धा सूत डब्याकडे रेटला, खडूची जुनी रेघ पदराने पुसली, आणि नवी ओढली.

संध्याकाळी हे आले, हातपाय धुतले, डबा घेतला, आणि चौथ्या दोऱ्यावर बोट ठेवलं. ऐकलं. पुन्हा वाजवलं. मान डोलावली.

"ऐकलंस? तू म्हणत होतीस उतरलाय. कुठे उतरलाय?"

"नाही हो," मी म्हटलं, "माझाच कान चुकला असेल."

त्यावर इतके खूश झाले की तोच सूर लागोपाठ वीस-पंचवीस वेळा वाजवला. वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन बंद झाली.